लाली घालवणारे थेंब

शिवांजली चौगुलेला यंत्रानं हिरवा दिवा दिला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि मी त्या दिव्याला मनातल्या मनात एक शिवी हासडली. कारण तिच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात मला एक बाटली दिसली होती. करंगळीएवढी, पांढऱ्या टोपणाची. औषधाच्या दुकानात तिला कुणी नावानं मागत नाही. 'लाली घालवणारे थेंब द्या' म्हटलं की दुकानदार काढून देतो.

मी वृषाली खोत. महिला कुस्ती मंडळाच्या स्पर्धांमध्ये पहिलवान मुलींचे डोळे तपासणं हे माझं काम. दोन हजार एकेचाळीसची ही निवड स्पर्धा कोल्हापूरजवळच्या एका मैदानावर भरली होती, आणि शिवांजली ज्या भैरोबा तालमीतून आली होती ती तालीम माझ्या वडिलांची. त्यांना अख्खा जिल्हा हिंदुराव वस्ताद म्हणतो. मी आबा म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भर मैदानात माइक हातात घेऊन सांगितलं की त्यांची मुलगी मेली. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

हा रोग काय आहे ते आधी सांगते, नाहीतर माझा राग कळायचा नाही.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला असलेलं पातळ अस्तर. आपल्याला दिसतं ते त्याच्यामुळे. कांजिण्या, नागीण, तापानंतर ओठांवर उठणारे फोड, या सगळ्यांचे विषाणू एकाच घराण्यातले. एकदा अंगात शिरले की मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतात आणि घर सोडत नाहीत. लाखात एखाद्याच्या बाबतीत ते तंतूवरून डोळ्यात उतरतात आणि अस्तर मारायला लागतात. सुरुवात बहुतेक वेळा कडेपासून होते. कडेला पांढरे डाग उठतात, डागाला डाग मिळतो आणि ती पांढरी पट्टी मध्याकडे सरकत जाते. मध्यानं आपण वाचतो, माणसं ओळखतो. तो शाबूत असेपर्यंत माणसाला वाटतं, डोळा जरा लाल झालाय, माती गेली असेल. दोनेक आठवड्यांत खेळ खलास होतो, आणि मेलेलं अस्तर परत येत नाही.

'लाखात एखादा' हे पूर्वीचं झालं. चार वर्षांपूर्वी ओठांवरच्या फोडांच्या विषाणूचा एक नवा वाण आला आणि त्याला कुस्ती भलतीच मानवली. कुस्तीत कपाळाला कपाळ लागतं, गालाला गाल घासतो, मॅटवर कातडी सोलवटते. एका तालमीत एकीला झालं की चौघींना होण्याची शक्यता. आणि या मुलींना डोळा लाल होण्याची सवयच. कुणाचं तरी बोट गेलेलंच असतं. अकरा मुलींचे डोळे गेल्यावर मंडळाला जाग आली आणि यंत्र आलं. कागदोपत्री त्याचं नाव नेत्रद्वार. मुली त्याला टोलनाका म्हणतात.

यंत्र चांगलं आहे, उगाच खोटं कशाला बोला. बाहुली मोठी न करता ते दृष्टिपटलाचा पार कडेपर्यंत फोटो काढतं आणि डागांच्या ठेवणीवरून विषाणू ओळखतं. पण त्या फोटोला नऊ मिनिटं लागतात आणि स्पर्धेला मुली सहाशे. म्हणून मंडळानं शहाणपणा केला. यंत्र आधी वीस सेकंदांत डोळ्याचा फक्त पुढचा भाग बघणार. लाली दिसली, किंवा पुढच्या पाण्यात पेशी तरंगताना दिसल्या, तरच पिवळा दिवा आणि कडेचा फोटो. नाहीतर हिरवा, चला पुढे.

आता त्या बाटलीकडे या. डोळा लाल होतो तो विषाणूशी लढायला आलेल्या आपल्याच शरीराच्या शिपायांमुळे. बाटलीत असतं स्टिरॉइड, ते शिपायांना घरी पाठवतं. लाली उतरते, ठणका थांबतो, माणूस खूश. आत विषाणूला रान मोकळं. विषाणूवरच्या औषधाबरोबर डॉक्टरांनी दिलं तर स्टिरॉइड कामाचं आहे, एकटं दिलं तर ते आगीत तेल. म्हणजे टोलनाका चुकवायची युक्ती आणि डोळा घालवायची युक्ती एकच होती. मी हे मंडळाला लेखी कळवलं होतं. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.'

लोक टोलनाका का चुकवतात, याचंही कारण मंडळच. एका मुलीला रोग निघाला की तिची अख्खी तालीम एकवीस दिवस बाहेर. दोन वर्षांपूर्वी मी आबांच्या तालमीतल्या गौतमी मगदूमच्या डोळ्यात तीन पांढरे डाग पकडले. गौतमीचा डोळा वाचला. तालीम बंद झाली, निवड हुकली, आईबापांनी भिऊन अकरा मुली काढून नेल्या. त्यावर आबांनी माइक हातात घेतला. पुढचं मघाशी सांगितलं.

म्हणून ती बाटली दिसल्याबरोबर माझं डोकं फिरलं. मला वाटलं, म्हातारा सुधारला नाही. मुलीचा डोळा घालवील, पण तालीम बंद होऊ देणार नाही.

मी शिवांजलीला द्वारामागच्या खोलीत बोलावलं. वय एकोणीस, मान बैलासारखी भरलेली, आवाज मात्र बारीक. बासष्ट किलोत ती निवडली जाणार हे सगळे धरून चालले होते.

"ही बाटली कुणाची?" मी विचारलं.

"माझी न्हाई."

"तुझ्या बॅगेत आहे."

"बॅग माझी हाय. बाटली माझी न्हाई."

"मग कुणाची?"

तिनं मान खाली घातली. "त्ये मी सांगणार न्हाई. शपथ घेतलीया. ताई, हिरवा दिवा लागलाय न्हवं? मग सोडा की मला. बाराला कुस्ती हाय."

तिचं बरोबर होतं. हिरव्या दिव्यानंतर तिला अडवायचा मला अधिकार नव्हता, आणि पिवळ्याशिवाय यंत्र कडेचा फोटो काढत नाही. उरली जुनी पद्धत. बाहुली मोठी करणारे थेंब टाकायचे, डोक्याला दिवा बांधायचा, हातात भिंग धरायचं आणि आपल्या डोळ्यांनी कडेपर्यंत बघायचं. पण ते थेंब टाकले की चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यांत घुसतो. कुस्ती गेलीच म्हणायची. विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती.

मी विचारलं नाही. "डोळे कोरडे पडलेत तुझे," मी म्हणाले. "दोन थेंब टाकते, बरं वाटेल."

तिनं बिनघोर मान वर केली. आबांची तालीम नसती तर मी हे केलं असतं का, ते मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

पाऊण तास मी तिला कसल्या कसल्या फॉर्मांवर सह्या करायच्या म्हणून बसवून ठेवलं. मग ती म्हणाली, "ताई, सगळं पांढरं पांढरं दिसायलंय." मी डोक्याला दिवा बांधला. तिला बाकावर आडवी केली आणि बघायला लागले. उजवा डोळा, वरची कड, खालची कड, नाकाकडची, कानाकडची. मग डावा. मग पुन्हा उजवा, कारण माझा विश्वास बसेना.

दोन्ही डोळे स्वच्छ होते. एक डाग नाही, एक ओरखडा नाही. इतकं निरोगी दृष्टिपटल मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

मी दिवा काढून ठेवला. ती उठून बसली आणि स्वतःच्या तळहाताकडे बघू लागली. हात जवळ घेई, लांब नेई.

"काय घातलंसा माझ्या डोळ्यात?"

मी सांगितलं. ती मारील असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"पाच वर्सं," ती म्हणाली. "पाच वर्सं पाटं चारला उठतो मी. आईच्या तेराव्याला बी जोर चुकवला न्हाई." तिचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "वस्तादांची हाय ती बाटली. झालं समाधान? दर दोन तासाला मीच टाकतो त्येंच्या डोळ्यात. उजव्या. आन् कालपासनं डाव्या बी."

"किती दिवस झाले?"

"बारा-तेरा दिस. बोट गेलं म्हनाले. कुणाला सांगू नगं म्हनाले."

ती बॅग उचलून निघून गेली. जाताना खोलीच्या चौकटीला तिचा खांदा आपटला.

तेरा दिवस एका माणसाचा डोळा लाल होता आणि आठ मुलींच्या तालमीत एकीलाच ते माहीत होतं, याचं कुणाला नवल वाटेल. मला वाटलं नाही, कारण मी त्याच तालमीत वाढले. वस्तादाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही हा आमच्याकडचा पहिला धडा. वस्ताद समोर आले की नजर त्यांच्या पायांवर. ते बोलत असतात तेव्हाही पायांवर. त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघणं म्हणजे उद्धटपणा, त्याला पन्नास बैठकांची शिक्षा. आबा रोज प्रत्येक मुलीशी स्वतः पकड लावतात, कपाळाला कपाळ लावून जोर करून घेतात. त्या वेळीही मुलीची नजर मॅटवर. आणि टोलनाक्यातून फक्त खेळणाऱ्या मुली जातात. वस्ताद लोक दुसऱ्या बाजूनं येतात, फेटे बांधून, हार घालून. विषाणूला फेट्याचं काय कौतुक असणार? पण हे मंडळातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

आबांना मी सकाळी लांबून पाहिलं होतं. काळा गॉगल लावून बसले होते. जन्मात कधी गॉगल न लावलेला माणूस. मी म्हणाले, बघा, म्हातारपणी हौस. डोळ्याच्या रोगावर पोट भरणारी मी, आणि मला एवढंच सुचलं.

बारा वाजता मी मांडवात गेले. आबा दुसऱ्या रांगेत टोकाला बसले होते. समोर मॅटवर कुस्ती लागली होती. मी त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले, हातभर अंतरावर. त्यांना पत्ता नव्हता. मग मी डाव्या बाजूला गेले.

"आबा."

त्यांनी मान वळवली नाही. "कोन? माझी पोरगी तर दोन वर्सामागं गेली."

"गेलेली पोरगी तुमचा डोळा बघायला आलीय. उठा."

"डोळ्याला काय धाड भरलीया? सरक बाजूला, कुस्ती बघू दे."

"बघा की. कोण आहे मॅटवर?"

त्यांनी मान पुढे काढली. गॉगलआडून समोर बघत राहिले. "सांगलीकडची दिसतीया कुनीतरी," ते शेवटी म्हणाले. "हिरव्या कपड्यातली. पाय लई वर ठेवतीया. जानार ही."

हिरव्या कपड्यातली मुलगी खरंच गेली. समोरचीची पकड तिला दिसलीच नाही, ती हवेत हात मारत राहिली आणि चाळिसाव्या सेकंदाला चीतपट झाली. लाउडस्पीकरवर निकाल आला. पराभूत, शिवांजली चौगुले, भैरोबा तालीम.

आबांनी गॉगल काढला. उजवा डोळा वरून अगदी ठीक दिसत होता, पांढराशुभ्र. थेंबांनी आपलं काम चोख केलं होतं.

"शिवांजली व्हती ती?" त्यांनी विचारलं. "का हारली?"

"माझ्यामुळे. रोग तिला आहे असं समजून मी तिच्या डोळ्यात औषध घातलं. रोग तुम्हाला आहे."

त्यांनी हात उगारला आणि खाली आणला. तो मी उभी होते तिथे आलाच नाही. माझ्या वीतभर बाजूनं गेला आणि खुर्चीच्या पाठीवर आपटला. शेजारची माणसं वळून बघायला लागली. आबा तसाच हात धरून बसले, आणि मग मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाले, "डाव्यात सकाळपासनं धूर दिसतोय गं."

मला फार राग आला होता आणि फार भीती वाटत होती. मी त्यांच्या दंडाला धरलं, त्यांनी झटकून दिलं, आणि माझ्या मागोमाग आले.

मैदानाच्या कडेला मंडळाची दवाखान्याची गाडी उभी असते. त्यात डॉ. तस्नीम मुजावर होत्या, दृष्टिपटलाच्या डॉक्टर, कमी बोलणाऱ्या. आम्ही दोघींनी आळीपाळीनं पाहिलं. उजव्या डोळ्यातलं अस्तर कसर लागलेल्या शालूसारखं झालं होतं, जागोजागी विरलेलं, मध्यापर्यंत. तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डाव्यात कानाकडच्या कडेला तीन पांढरे डाग होते, दोन एकमेकांना चिकटलेले. मध्य अजून शाबूत होता.

डॉ. मुजावरांनी डाव्या डोळ्याच्या पुढच्या भागातलं थेंबभर पाणी बारीक सुईनं काढलं आणि तपासणीच्या डबीत घातलं. अकरा मिनिटांत डबीनं विषाणूचं नाव सांगितलं. तोच, नवा वाण.

"वस्ताद," डॉक्टर म्हणाल्या, "उजवा गेला. डावा वाचू शकतो. आत्ता डोळ्यात इंजेक्शन, संध्याकाळपासून चौदा दिवस सलाईनमधून औषध. हे तासांचं काम आहे. उद्यावर ढकललंत तर मी शब्द देणार नाही."

आबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. ते माझ्या दिशेनं वळले. "तू आता लिवनार."

"लिहावंच लागतं. विषाणू सापडला की तासाभरात."

"सात पोरी हायत अजून. दोनपासनं कुस्त्या हायत त्यांच्या. त्यांनी काय घोडं मारलंय?"

"त्यांच्याशी कपाळं घासणाऱ्या मुलींनी काय मारलंय?"

"माझ्या पोरींस्नी काय बी झालेलं न्हाई. तुझ्या मशिनीनंच हिरवा दिवा दिलाय."

"त्या दिव्याची किंमत मला माहीत आहे."

"तुला सगळंच म्हाईत असतंय. गौतमीच्या टायमाला बी तुला सगळं म्हाईत व्हतं." ते उठून उभे राहिले. "सहापत्तोर लिवू नगंस. कुस्त्या होऊ देत, मग टोचा कुठं टोचायचं त्ये. न्हाईतर मी चाललो."

"आंधळे व्हाल."

"हुईन. तुझ्या हातानं वाचन्यापरीस बरं."

ते खरंच निघाले. गाडीच्या पायरीवर त्यांचा पाय चुकला, दाराची मूठ त्यांना सापडेना, तरी ते चाचपडत बाहेर जायचंच बघत होते. डॉ. मुजावर माझ्याकडे बघत होत्या. मी हिशेब केला असं म्हणणार नाही. मला फक्त ती पांढरी पट्टी दिसत होती.

"नाही लिहीत," मी म्हणाले. "सहापर्यंत नाही."

"आईची शपथ घे."

आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी तिची शपथ घेतली. मेलेल्या माणसाला त्रास होत नसेल असं मी त्या वेळी मनाशी म्हणाले.

आबा टेबलावर आडवे झाले. डॉक्टरांनी बधिर करणारे थेंब टाकले, पापण्या ताणून धरणारा तारेचा चिमटा लावला. मी त्यांच्या डोक्याशी उभी होते. एक हात त्यांच्या कपाळावर, डोकं हलू नये म्हणून. दुसऱ्या हातात मंडळाचा टॅब्लेट. एक वाजून बावन्न मिनिटं झाली होती. आठ मिनिटांनी त्या सात मुली दुसऱ्या सात तालमींच्या मुलींच्या कपाळाला कपाळ लावणार होत्या, आणि त्यांच्या दृष्टिपटलाच्या कडेला काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. सुई डोळ्यावर टेकली तेव्हा मी आबांचं नाव, विषाणूचं नाव आणि तालमीचं नाव भरून बटण दाबलं.

मला वाटलं होतं, घोषणा व्हायला पाचसहा मिनिटं तरी जातील. ती अर्ध्या मिनिटात झाली. मैदानावरचा लाउडस्पीकर गाडीत स्पष्ट ऐकू येत होता. भैरोबा महिला तालीम, वस्ताद हिंदुराव खोत यांना संसर्ग, सर्व पहिलवान एकवीस दिवस स्पर्धेबाहेर.

"वस्ताद, हलू नका," डॉ. मुजावर म्हणाल्या. "सुई आत आहे."

आबा हलले नाहीत. पन्नास वर्षं अंगावर ताबा ठेवलेला माणूस. चिमट्यात ताणलेला डोळा उघडाच होता, माझ्यावर रोखलेला, आणि त्यातून पाणी वाहत होतं. औषधाचं की कसलं ते मी ठरवायला गेले नाही. माझ्या हाताखाली त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. हात काढायची मला भीती वाटत होती.

सुई निघाली, पट्टी बांधून झाली. तेव्हा ते बोलले, तेही माझ्याशी नाही.

"डॉक्टर, हिला भाईर काढा."

पुढच्या गोष्टी लवकर सांगते. आठही मुलींचे कडेपर्यंतचे फोटो त्याच दिवशी काढले. आठही स्वच्छ निघाल्या. एकवीस दिवसांनी पुन्हा काढले, तेव्हाही स्वच्छ. म्हणजे मी लिहिलं नसतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. असं आता म्हणता येतं, आणि तालमीतल्या लोकांनी ते मला तोंडावर म्हटलंही. निवड यादी भैरोबा तालमीशिवाय लागली.

शिवांजलीनं मंडळाकडे माझी तक्रार केली. तपासणीच्या नावाखाली फसवून डोळ्यात औषध घातलं, कुस्ती घालवली. चौकशीत मला विचारलं, हे खरं आहे का. मी म्हणाले, अक्षर न् अक्षर खरं आहे. आठ महिने मला कामावरून दूर ठेवलं. मी तिला भेटायला गेले होते. तिनं मला बसायला चटई टाकली, पाणी दिलं आणि माफ करणार नाही असं शांतपणे सांगितलं. मी पाणी पिऊन परत आले. एका दिवसात मी दोघांशी खोटं बोलले होते, आणि दोघांपैकी एकीला त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

आबा चौदा दिवस दवाखान्यात होते. त्यांच्या उशाशी शिवांजली बसायची. मला खोलीत यायला बंदी होती. डॉ. मुजावर रोज दुपारी फोन करून सांगायच्या, आज पट्टी सरकली नाही, आज डाग वाळायला लागले, आज त्यांनी पेपरचा मथळा वाचला. मी 'बरं' म्हणून फोन ठेवायचे आणि अर्धा तास कामाची राहायचे नाही.

मंडळानं वीस सेकंदांचा शहाणपणा गुंडाळून ठेवला. आता प्रत्येकीचा कडेपर्यंतचा फोटो निघतो, तपासणी आदल्या तीन दिवसांपासून सुरू होते. आणि वस्तादांनाही द्वारातून जावं लागतं, फेटा काढून.

यंदाच्या स्पर्धेला मी पुन्हा कामावर आले. वस्तादांसाठी दोन द्वारं लावली होती. एकावर मी, दुसऱ्यावर नवा तंत्रज्ञ, हसबे. हसबेच्या पुढे चाळीसएक वस्तादांची रांग उन्हात उभी होती. माझ्यापुढे कुणी नव्हतं. बापाला टेबलावर पाडून फसवणारी म्हणून माझं नाव सगळ्या तालमींत पोचलं होतं.

अकराच्या सुमारास आबा आले, बरोबर शिवांजली. तिनं दोन्हीकडे पाहिलं. "वस्ताद, हिकडं रिकामं हाय," ती म्हणाली. माझ्याबद्दल प्रेम वाटून नव्हे, ऊन होतं म्हणून.

"असू दे," आबा म्हणाले, आणि हसबेच्या रांगेच्या शेवटाला जाऊन उभे राहिले.

हात पाठीमागे बांधून ते सहा तास तसे उभे होते. शिवांजलीनं खुर्ची आणली, ती त्यांनी पुढच्या म्हाताऱ्याला दिली. मी माझ्या रिकाम्या द्वारापाशी बसून होते. त्या सहा तासांत मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

कडेच्या फोटोवर दुसरी सही लागते आणि जुनी म्हणून ती माझी असते. पाच वाजून गेल्यावर आबांचा फोटो माझ्या पडद्यावर आला. उजव्याची जागा यंत्रानं कोरी सोडली होती. डाव्यात कानाकडच्या कडेला तीन वाळलेले व्रण होते, करड्या रंगाचे. बाकी सगळं जिथल्या तिथे. मध्य इतका स्वच्छ होता की हा माणूस मांडवाच्या पार टोकावरून कुस्तीतला डाव ओळखू शकेल. राग गेला नव्हता, त्यांचाही आणि माझाही. पण डोळा होता. मी पडद्यावर फोटो मोठा केला, एकेक कड पुन्हा पाहिली, मग पुन्हा मध्य पाहिला.

"मॅडम, सही करा," शेजारून हसबे ओरडला. "वस्ताद खोळंबलेत."

मी सही केली.